इन्स्पेक्टर काकांचा रविवार

ठाकुर्ली, १८ फेब्रुवारी २०२५

दादा,

जयभीम. हे पाकीट न उघडताच तू ठेवून देशील असं वाटतंय, तरी लिहितेय. पत्ता मावशीच्या नयनकडून घेतला. नंबर तिने दिला नाही. तू नको म्हणून सांगितलंयस म्हणाली.

परवा रविवारी आमच्या सोसायटीत एक चोर पकडला. लोकांनी त्याला मारलं, जरा जास्तच मारलं. तो ठाण्याला हॉस्पिटलात आहे. पोलीस येऊन सगळ्यांची नावं लिहून घेऊन गेले. घरात कोण कोण, असं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "एक मुलगा आहे, महेंद्र. रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात असतो." त्यांना हे ठाऊक होतं याचंच मला नवल वाटलं. इतक्या वर्षांत तुझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. तुला पोलिसांचा फोन आला तर दचकू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र.

तुला इथलं काही माहीत नसेल. चाळ पडली, त्या जागी बिल्डिंग झाली, आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत. बाबा रिटायर झाल्यावर वर्षभर नुसते बसून होते. मग त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी जुने सिनेमे दाखवायला सुरुवात केली. सगळे चोर-पोलिसांचे, खुनाच्या तपासाचे. हिंदी, इंग्रजी, मिळेल ते, बहुतेक काळे-पांढरे. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की ते सिनेमा थांबवतात, दिवे लावतात आणि एकेकाला उठवून विचारतात, खुनी कोण, कशावरून? बाबांचं उत्तर कधी चुकत नाही. मुलं त्यांना इन्स्पेक्टर काका म्हणतात. चहाचं माझ्याकडे असतं.

परवा बाबांनी त्या मुलाला फक्त प्रश्न विचारले. मारणारे बाकीचे होते. त्यांचा उजवा हात सुजलाय, पण तो जिन्यात घसरले म्हणून. मी घरातच होते. मी काही पाहिलं नाही.

तब्येत सांभाळ.

मृणाल

&nbsp;

ठाकुर्ली, २२ फेब्रुवारी

दादा,

तो मुलगा काल गेला. सिद्धेश नाव होतं, कोलशेतचा होता. एसी दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली काम करायचा. काम सुटल्यावर एसीच्या तांब्याच्या नळ्या कापून भंगारात विकू लागला. आमच्या बी विंगच्या मागे तेच करत होता.

आता ही खुनाची केस झाली. वैशाली मॅडम म्हणून सबइन्स्पेक्टर आहेत, त्या तपास करतायत. आवाज चढवत नाहीत. समोर बसून आपल्याकडे बघत राहतात, आणि माणूस आपणहून बोलायला लागतो.

काल संध्याकाळी हॉलमध्ये मीटिंग झाली. गोपीनाथकाका आमचे सेक्रेटरी, स्टेशनजवळ त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणाले, सगळ्यांनी एकच सांगायचं, पोरगा पळताना कंपाउंडवरून पडला. देवेश म्हणून तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा आहे, जिममध्ये शिकवतो, तो तर रडायलाच लागला.

तेव्हा बाबा उठले. म्हणाले, सगळ्यांनी एकच वाक्य पाठ म्हटलंत की पोलीस तिथेच ओळखतात. मग त्यांनी एकेकाला वाटून दिलं. देवेशने त्याला भिंतीवर चढताना पाहिलं, पडताना नाही. वॉचमन गोविंदाने नुसता आवाज ऐकला. जोशी वहिनींना वाटलं कुंडी फुटली. प्रत्येकाने वेळ वेगवेगळी सांगायची, कारण खऱ्या माणसांची घड्याळं जुळत नसतात. सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं मशीन बंद होतं असं म्हणायचं नाही, ते आधीच दुरुस्तीला दिलेलं, असं म्हणायचं, आणि खरंच कुठेतरी नेऊन द्यायचं. ते गोपीनाथकाकांकडे सोपवलं.

लोक मान हलवत होते. दादा, आई गेल्यापासून बाबांना इतकं ताजंतवानं मी पाहिलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

माझ्या वाट्याला सगळ्यात सोपं आलं. मी चहाची भांडी धुवत होते. मी तसंच लिहून सही करून आले.

एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली. बाबांनीही त्याला दोनचार चापट्या मारल्या होत्या. सगळेच मारत होते.

मृणाल

&nbsp;

ठाकुर्ली, १ मार्च

दादा,

आज त्या मुलाची आई आली. गोदा नाव. कोलशेतला एका कंपनीत पॅकिंगला जाते. सोबत मुलगी होती, दिशा, कॉलेजातली. गोविंदाने त्यांना गेटवर अडवलं, तर ती तिथेच खाली बसली. भांडायला आले नाही म्हणाली. माझा मुलगा कुठे पडला ती जागा एकदा बघू द्या, एवढंच.

सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली. बाबांनी मात्र धुतलेला शर्ट घातला, मला सोबत घेतलं आणि खाली गेले. तिला हाताने आधार देऊन बी विंगच्या मागे नेलं. भिंत दाखवली. हा इथून चढला, इथे पाय सटकला, इथे डोकं आपटलं. ती भिंतीला हात लावत होती. बाबा म्हणाले, मी धावत आलो, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं.

तिने विचारलं, "माजा पोर पडला, तर मनगटाला दोरीचे वळ कसे होते, काका?"

मी जमिनीकडे बघत राहिले. बाबांना क्षणही लागला नाही. म्हणाले, "बाई, शुद्ध नसलेला माणूस नळ्या ओढून काढतो. म्हणून हॉस्पिटलात हात बांधून ठेवतात. माझ्या बायकोचेही बांधलेले."

आईचे हात कोणी कधी बांधले नव्हते, दादा. आई घरात, माझ्याजवळ गेली.

आणि ती बाई बाबांच्या पाया पडली. शेवटचं पाणी तुमच्या हातचं मिळालं म्हणाली. बाबांनी तिला उठवलं. जाताना दिशाने माझ्याकडे वळून पाहिलं. तिचा विश्वास बसला नव्हता, पण आईसाठी ती गप्प राहिली.

वर आल्यावर बाबा म्हणाले, "वळांचा प्रश्न येणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

पुढचं आज लिहवत नाही.

मृणाल

&nbsp;

नौपाडा, ३ मार्च

दादा,

मी नोकरी करते त्या क्लिनिकमध्ये बसून हे लिहितेय, दुपारी पेशंट नसतात तेव्हा. आधीच्या पत्रांत मी तुला खोटं लिहिलं. मी घरात नव्हते. मी सगळं पाहिलं.

त्या दिवशीचा सिनेमा एका तिजोरी फोडणाऱ्या चोराचा होता. तो चाकाला कान लावून बसलाय, बाहेर शिपायाच्या बुटांचा आवाज, आणि हॉलमध्ये कोणी खोकतसुद्धा नव्हतं. त्याला पकडू नये असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही. तेवढ्यात मागून गोविंदाचा ओरडा ऐकू आला आणि सगळे बाहेर धावले. दोन मिनिटांपूर्वी पडद्यावरच्या चोरासाठी जीव मुठीत धरून बसलेली माणसं ती, दादा.

मी पोचले तेव्हा त्यांनी त्या मुलाला पंपरूमच्या खिडकीच्या गजांना बांधलं होतं, कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीने. देवेश त्याच्या पोटात लाथा घालत होता. जोशी वहिनींचे मिस्टर चप्पल घेऊन. ज्याला जे मिळेल ते. मग बाबा आले. सगळ्यांना बाजूला केलं आणि म्हणाले, खुर्ची आणा.

खुर्ची आली. बाबा त्याच्यासमोर बसले. सगळे गप्प झाले, हॉलमध्ये होतात तसे.

"नाव?"

"सिद्धेश."

बाबा आमच्याकडे वळले. सिनेमा थांबवल्यावर वळतात तसेच. म्हणाले, "चोर पहिलं नाव कधीच खरं सांगत नाही."

कोणीतरी हसलं. गोपीनाथकाकांनी पंपाचा मोठा पाना पुढे केला. बाबांनी पहिला फटका त्याच्या नडगीवर मारला. हाड वाजलं. पुन्हा नाव विचारलं. तो तेच म्हणाला. दुसऱ्या पायावर. बाबा न चिडता मारत होते. प्रश्न, उत्तर, फटका. कोलशेतला राहतो म्हणाला, फटका. एकटाच आलोय म्हणाला, तेव्हा बरगडीत. एकटा कधी कोणी येत नाही, बाबा म्हणाले. बाहेर गाडी घेऊन कोण थांबलंय?

त्याच्या तोंडातून रक्त यायला लागलं होतं. त्याने पाणी मागितलं. मी हॉलमधून ग्लास भरून आणला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला आणि खुर्चीखाली ठेवला. "आधी साथीदार." मी तिथेच उभी राहिले. मी त्यांचा हात धरला नाही. फोन माझ्या हातात होता, मी शंभर नंबरही लावला नाही.

शेवटी तो म्हणाला, "राजू. राजू थांबलाय बाहेर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. चारजण राजूला शोधायला रस्त्यावर पळाले. बाबांनी कपाळाचा घाम पुसला. ते चौघे परत आले, बाहेर कोणीच नव्हतं. बाबांनी विचारलं, कुठाय राजू? तो मुलगा डोळे मिटूनच म्हणाला, "कोणी नाही, काका. तुम्ही मारत होता म्हणून बोललो."

तेव्हा बाबा पहिल्यांदा चिडले. सगळ्यांसमोर फसवलं गेल्यासारखे. ते उठले आणि पाना डोक्यात घातला. एकदा. मान एका बाजूला पडली आणि तो दोरीला लोंबकळत राहिला. मग लोक पांगायला लागले. दोरी मी सोडली, गोविंदाने मला मदत केली. हॉलमध्ये सिनेमा चालूच होता.

दादा, चाळीतल्या साळवीकाकांचं घड्याळ हरवलं तेव्हाही तू पहिल्यापासून खरंच सांगितलेलंस ना? मी घेतलं नाही, असं. सकाळपासून तेच सांगत होतास. बाबांनी तुला खुर्चीला बांधून पट्ट्याने मारलं, दुपारपर्यंत. आई दाराबाहेर जिन्यावर डोकं आपटत होती. शेवटी तू म्हणालास, विहिरीत टाकलं. बाबांनी विहिरीत माणूस उतरवला. घड्याळ साळवींच्या घरातच सापडलं, तेव्हा तू निघून गेला होतास. बाबा ऐकून म्हणाले, मग कबूल कशाला केलं त्याने?

मी उद्या बाबांना सांगणार आहे की मी साक्ष देणार. त्यांच्या पाठीमागे जाऊन नाही सांगणार.

मृणाल

&nbsp;

नौपाडा, ७ मार्च

दादा,

मागच्या पत्राच्या कागदावर छापलेल्या क्लिनिकच्या नंबरवर तू फोन केलास. "तिथून बाहेर पड, मृणाल," एवढंच म्हणालास आणि ठेवलास. तुझा आवाज बाबांसारखा झालाय, पण त्यात धाक नाही.

बाहेर पडले. इथे कल्पिताकडे आहे, क्लिनिकमध्ये माझ्यासोबत असते ती. डाव्या मनगटाला प्लास्टर आहे. कसं झालं ते सांगते.

मी मंगळवारी क्लिनिकला गेले नाही. सकाळचा चहा झाल्यावर बाबांना म्हणाले, मी वैशाली मॅडमना सगळं सांगणार आहे. तुम्हीही चला, आपण दोघं जाऊ. त्यांनी कप खाली ठेवला. उठून दाराला आतून कडी घातली, वरची, जिला माझा हात पोचत नाही ती. मग बाहेरच्या खोलीतली खुर्ची स्वयंपाकघरात आणली.

"बस."

मी बसले. का बसले ते मला अजून कळत नाही.

"कोणाकोणाला सांगितलंयस?"

दादाला पत्र लिहिलं, मी म्हणाले. अजून? कोणालाच नाही. त्यांनी ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला. "अजून कोणाला?" मी पुन्हा खरं सांगितलं. त्यांनी माझा हात ओट्यावर दाबून धरला आणि बत्ता मनगटावर हाणला. मी ओरडले, तर दुसऱ्या हाताने तोंड दाबलं. त्यांच्या हाताला आयोडेक्सचा वास येत होता. पुन्हा तोच प्रश्न. मी मान हलवली, तेव्हा बत्ता खांद्यावर बसला.

मग मला समजलं, खरं बोलून या खुर्चीतून कोणी सुटत नाही. मी म्हणाले, "गोपीनाथकाकांना. मशीनमधलं रेकॉर्डिंग त्यांनी काढून ठेवलंय. ते तुमच्या एकट्यावर टाकणार आहेत."

हे मी त्याच क्षणी रचलं होतं. बाबांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. आणि त्यांचा विश्वास बसला. मान डोलवत म्हणाले, "मला संशय होताच."

कडी काढून ते तसेच खाली गेले, बत्ता हातात घेऊन. मी हात ओढणीत बांधला आणि मागच्या जिन्याने उतरले. रिक्षावाला आधी हॉस्पिटल म्हणाला, मी म्हटलं पोलीस स्टेशन.

वैशाली मॅडमनी पाणी दिलं, डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि मग ऐकायला बसल्या. मी सांगत असतानाच त्यांना फोन आला. बाबांनी गोपीनाथकाकांना दुकानात गाठलं होतं. गिऱ्हाइकांसमोर विचारलं, रेकॉर्डिंग कुठाय? ते नाही नाही म्हणत राहिले आणि बाबा मारत राहिले. कपाळ फुटलं, दोन दात गेले. दुकानात खिळ्यांचे डबे उपडे झालेले, त्यात काका रांगत होते. आजूबाजूच्या दुकानदारांनी बाबांना धरून ठेवलं. दादा, कोणीही बाबांवर हात उगारला नाही. म्हातारा माणूस आहे म्हणाले.

आणि ऐक. रेकॉर्डिंग खरंच होतं. काकांनी डिस्क काढून वजनकाट्याखाली लपवली होती, उद्या आपल्यावर आलं तर असावी म्हणून. टाके घालून झाल्यावर त्यांनी ती स्वतःच मॅडमच्या हातात दिली. त्यात सगळं आहे. खुर्ची, पाना, टाळ्या. मीही आहे, ग्लास घेऊन उभी.

मी माझी आधीची सही खोटी असल्याचं लिहून दिलं. त्याबद्दल माझ्यावरही जे व्हायचं ते होईल. बाबा, गोपीनाथकाका, देवेश, जोशी, सगळे आत आहेत.

तू ये म्हणालास तर येईन, पण साक्ष झाल्यावर.

मृणाल

&nbsp;

नौपाडा, २० मार्च

दादा,

बाबांच्या वकिलाचा तुला फोन येईल, किंवा आला असेल. ते आधारवाडी जेलमध्ये आहेत. जामिनासाठी अर्ज करणार आहेत, आणि सोसायटीतून कोणी जामीनदार राहायला तयार नाही. त्यांनी तुझं नाव दिलंय. मी तुला हो म्हण किंवा नाही म्हण, असं काही सांगणार नाही. त्यांच्या बीपीच्या गोळ्या मी नेऊन दिल्या, पण भेटले नाही. ठाकुर्लीच्या घराला कुलूप आहे. दारावर कोणीतरी कोळशाने 'घरभेदी' लिहिलंय, ते गोविंदाने पुसलं म्हणे.

काल मी कोलशेतला गेले होते. खाडीच्या बाजूला, कंपन्यांच्या मागे त्यांची दोन खोल्यांची जागा आहे. दिशाने दार उघडलं. मला बघून ती आत आईला सांगायला गेली, आणि बराच वेळ मी बाहेर उभी होते.

गोदाताईंना पोलिसांनी थोडं सांगितलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही, पण मी खाली बसले. त्या म्हणाल्या, "मी तुज्या बापाच्या पाया पडले. रोज त्याच्या नावानं हात जोडत होते."

मग त्या म्हणाल्या, सांग. पहिल्यापासून सांग.

मी सांगायला लागले. नडगीपर्यंत आले तेव्हा दिशा म्हणाली, आई, पुरे. गोदाताईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "सांगू दे तिला. माज्या पोराला कुठं कुठं लागलं, ते मला नको माहीत?"

मी सगळं सांगितलं. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक फटका, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. त्या मधेमधे स्वतःच्या अंगावर त्या जागी हात ठेवत होत्या. पायावर, बरगडीवर. शेवटी डोक्यावर. बाहेर कंपनीची शिफ्ट सुटली, बायका बोलत बोलत दारावरून गेल्या.

मग त्यांनी विचारलं, "कोर्टात असंच सांगशील? बापासमोर?"

"हो," मी म्हणाले.

"मंग जा आता. मला रडायचंय, आणि ते तुज्यासमोर नको."

मी उठले. दिशा माझ्यामागून रस्त्यापर्यंत आली. रिक्षा मिळेपर्यंत थांबली.

मृणाल